रेटून धुतलेलं रीळ

शिक्रापुरात खोली घेऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. मे महिन्यातली दुपार होती. टाकीतलं पाणी संपलं म्हणून घरमालकीणबाईंना मोटर लावायला सांगावं, असं म्हणून मी त्यांच्या दारात गेले, तर त्या पलंगावर डोक्यावरून दोन गोधड्या घेऊन बसलेल्या. बाहेर हायवेवरचं डांबर मऊ झालं होतं. आत गोधडी हलत होती आणि तिच्यातून कण्हल्यासारखा आवाज येत होता. बाईंना थंडी वाजून ताप भरला असावा, असं समजून मी गोधडीला हात घातला.

"हात लावू नगंस! उजेड शिरंल आत!"

मी हात मागे घेतला. थोड्या वेळाने गोधडी बाजूला झाली आणि घामाने निथळलेल्या घरमालकीण काकी बाहेर आल्या. हातात झाकण लावलेला काळा प्लास्टिकचा डबा होता, लोणच्याच्या बरणीएवढा. त्यांनी तो कानाशी धरून हलवला, समाधानाने मान डोलावली आणि मला विचारलं, "कोण तू? चार नंबरची का पाच नंबरची?"

मी चार नंबरची. दौंडची, रेल्वे कॉलनीत वाढलेली. कारखान्यात क्वालिटीला नोकरी लागली म्हणून शिक्रापुरात आले होते. काकींनी हायवेलगतच्या रानात भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या आणि आम्ही सगळे कारखान्यांतले लोक त्यांत राहत होतो. चेहऱ्यावरून त्या कुणाला ओळखत नसत. चपलेच्या आवाजावरून मात्र बरोबर ओळखत. त्या दिवशी मी अनवाणी गेले होते.

काळ्या डब्यात फिल्म होती. कृष्णधवल फिल्म, जुन्या कॅमेऱ्यात घालतात ती. पुण्याहून कुरिअरने रिळं मागवून काकी फोटो काढत, आणि घरीच धुवत. अंधार कमी पडू नये म्हणून डब्यात रीळ भरायचं काम गोधडीखाली चाले. मागच्या बिनखिडकीच्या खोलीत लाल बल्बखाली कागदावर फोटो उतरवायचं यंत्र होतं. ती खोली त्यांनी कधी भाड्याने दिली नाही. सात नंबरमध्ये बिहारची मुलं राहत होती. त्यांच्यात अशी बातमी होती की चाचीजी रील बनवतात आणि त्यांचे लाखो बघणारे आहेत. त्यांतल्या एकाने तर एकदा मोबाईल घेऊन येऊन, आपल्यालाही नाचता येतं, असं सांगितलं होतं. काकींनी त्याला बसवून चहा दिला आणि म्हणाल्या, "माझं रीळ धुवायचं असतंय बाबा. नाचवायचं न्हाई."

ही विद्या त्यांना नवऱ्याच्या स्टुडिओत मिळाली. लग्न होऊन त्या मांडवगण फराट्याहून शिरूरला आल्या, तेव्हा यजमानांचा तिथे फोटोचा स्टुडिओ होता. यजमान पुढे. पडदा, खुर्ची, 'हसा जरा', फ्लॅश. काकी मागच्या अंधाऱ्या खोलीत. सगळ्या तालुक्याची लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो त्यांच्या हाताखालून गेले. पण कॅमेऱ्याला हात लावायची कधी वेळ आली नाही. पुढे सगळं मोबाईलवर आलं, स्टुडिओ बंद पडला, यजमान गेले. त्यांचं दिवसकार्य झाल्यावर घरातल्या लोकांनी कॅमेरा विकायला काढला, तेव्हा काकी पहिल्यांदा म्हणाल्या, "तो माझ्याजवळ असू द्या."

आणि त्यांनी जे फोटो काढायला घेतले, त्यांत फ्लॅश नव्हता.

"समदा जलम पांढरीफटक तोंडं धुतली मी," त्या सांगायच्या. "नवरी कोण आन् करवली कोण वळखू येत न्हवती. माणूस काय ट्यूबलाइट हाय का? माणूस घरात बसतंय, तितं जेवढा उजेड आसंल तेवढ्यातच त्येचा फोटू काढायचा."

आता अशा उजेडात साध्या फिल्मवर फोटो येत नाही. त्यावर काकींचा उपाय होता, त्याला त्या 'रीळ रेटणं' म्हणत. मला त्यांनी ते ओळख झाली त्याच आठवड्यात समजावलं होतं.

"हे रीळ चारशेचं. म्हंजी त्येला एवढा उजेड पायजे. आपुन कॅमेऱ्याला सांगायचं, हे सोळाशेचं हाय, लई हुशार हाय, कमी उजेडात भागतंय त्येचं. झालं! तेवढाच उजेड आत सोडायचा. मग धुताना त्येला मसाल्यात जास्त येळ ठेवायचं. कारण आपुन त्येच्या पोटाला कमी दिलेलं असतंय."

"मग फोटो सारखाच येतो?"

"सारखा कसा ईल? रवा दिसतो, फोटूवर बारीक दाणं येत्यात. काळं लई काळं व्हतं. पर माणूस माणसावानी दिसतं."

मसाला म्हणजे फिल्म धुवायची रसायनं. ती फ्रिजमध्ये ताकाच्या तांब्याशेजारी असत. कुठली बाटली कशाची हे कळावं म्हणून काकींनी त्यांना टिकल्या लावल्या होत्या. पहिल्या रसायनाला मोठी लाल, दुसऱ्याला बारीक काळी. मी एकदा त्यांच्याकडे बघून हसले, तर म्हणाल्या, "पाकिटं उरली व्हती माझी. मला लावायची न्हाईत, तर बाटल्यांनी तरी लावाव्यात." आणि रसवंतीवाल्याकडून आणलेला बर्फ पातेल्यात टाकून त्या पाणी थंड करायला लागल्या. उन्हाळ्यात नळाचं पाणी चहाला चालेल इतकं तापायचं आणि गरम पाण्यात रीळ बिघडतं.

या सगळ्यात मला सर्वांत नवल वाटायचं ते त्यांच्या उजेड मोजण्याचं. कॅमेऱ्यातलं उजेडाचं मापक कधीच बंद पडलं होतं. काकी जिथे फोटो काढायचा तिथे आपला डावा तळहात धरायच्या आणि त्याच्याकडे बघायच्या. बारीक रेषासुद्धा दिसल्या तर उजेड बरा. फक्त ठळक रेषा दिसल्या तर कमी. रेषाच दिसल्या नाहीत तर कॅमेऱ्याचं तोंड पूर्ण उघडायचं, खटका सावकाश पडू द्यायचा आणि धुताना रीळ चांगलं रेटायचं. मी कारखान्यात दिवसभर मायक्रोमीटर घेऊन बसणारी. मला हे पटेना. मी मोबाईलमध्ये उजेड मोजायचं अ‍ॅप घेऊन त्यांना दाखवलं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. भिंतीला लावलेल्या दोरीवरचे जुने फोटो दाखवले फक्त. गोठ्यात धार काढणारा माणूस. एसटीत खिडकीला डोकं टेकून झोपलेली मेंढपाळाची बायको, मांडीवर कोकरू. गिरणीत पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया. ते बघितल्यावर मी अ‍ॅप काढून टाकलं.

फोटो कधी काढला हे त्या कुणाला सांगत नसत. माणूस पोज देऊन बसला की त्या कॅमेरा मांडीवर ठेवून गप्पा मारत, पाणी मागत, बैलांची चौकशी करत. तो कंटाळून आपल्या कामाला लागला की खटका पडायचा.

एकाच माणसाचा फोटो त्यांना कधी साधला नव्हता. ती त्यांची थोरली बहीण. मांडवगणलाच एका बागायतदार घरात दिलेली. काकी तिला आक्का म्हणत. आक्कांची गंमत अशी की स्टुडिओच्या काळातल्या प्रत्येक फोटोत त्यांचे डोळे मिटलेले होते. मुलाच्या लग्नात मिटलेले, नातवाच्या बारशात मिटलेले. फ्लॅश पडायच्या आधीच त्यांना चाहूल लागायची. यजमान वैतागायचे. आक्का म्हणायच्या, "आता माझं डोळं मिटल्यावरच काडा फोटू, म्हंजी तुमाला बी सोपं पडंल."

काकींना ते वाक्य फार लागलं होतं. बिनफ्लॅशचा, उघड्या डोळ्यांचा आक्कांचा एक फोटो काढायचाच, असं त्यांनी ठरवलं होतं. मी रविवारी स्कूटीवर दौंडला घरी जायचे. वाट वाकडी करून काकींना मांडवगणला सोडायचं आणि संध्याकाळी परत घ्यायचं, असा नेम पडला.

आक्का नेहमी स्वयंपाकघरातच असत. घरात गॅस होता, सून गॅसवर सगळं करायची, पण भाकरी मात्र आक्का चुलीवर स्वतः थापत. खोली काळोखी, वरच्या काचेच्या कौलातून येईल तेवढाच उजेड. पदर कपाळावर ओढलेला, डोळ्यांवर जाड चष्मा. काकींनी तिथे बसून बरेच फोटो काढले. शिक्रापूरला येऊन गोधडीत शिरल्या. रीळ धुतलं, बाहेर काढलं, तर सगळी फिल्म तव्याच्या बुडासारखी काळी. माणूस नाही की भिंत नाही.

"मसाला जुना झाला," काकी म्हणाल्या.

नवा मसाला मागवला. पुढच्या रविवारी पुन्हा मांडवगण, पुन्हा फोटो, पुन्हा काळी फिल्म. मग बोअरच्या पाण्यावर संशय गेला. मी जारचं पाणी आणलं. मग कुरिअरवाल्याने रिळं उन्हात ठेवली असतील असं झालं. मग कंपनीच खराब. काकींचा प्रत्येक वेळी नवा आरोपी असायचा आणि त्या पुराव्यानिशी बोलायच्या.

मला आता त्या फिल्मचा नाद लागला. कारखान्यात माल बिघडला की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो, तसं मी करायला लागले. रीळ तेच, पाणी तेच, मसाला तोच. फोटो मात्र मी काढले, त्यांच्याच कॅमेऱ्याने, पण मोबाईलने उजेड मोजून. काकींनी ते रीळ नेहमीसारखंच रेटून धुतलं. स्वच्छ आलं. सात नंबरची मुलं स्टोव्हभोवती बसलेली, एकाच्या हातातली कढई, वाफ, सगळं.

"बघा, मसाल्यात काही खोट नाही," मी म्हटलं.

"मग आक्काच्याच घरात काय तरी हाय," काकी म्हणाल्या. खरोखर चिंतेत पडल्या होत्या. "काय बाधाबिधा न्हाई ना?"

पुढच्या रविवारी मी दौंडला गेलेच नाही. त्यांच्याबरोबर आक्कांच्या स्वयंपाकघरात बसून राहिले. आक्का भाकरी थापत होत्या. काकींनी डावा तळहात पुढे धरला, बराच वेळ बघितला आणि मान हलवली.

"रेषा दिसंनात. लई अंधार हाय हितं."

त्यांनी कॅमेऱ्याचं तोंड पूर्ण उघडलं. मी सहज माझा तळहात त्यांच्या तळहाताशेजारी धरला. मला माझ्या रेषा दिसत होत्या. ठळकही आणि बारीकही. काकींच्या तळहाताच्याही दिसत होत्या. अंगठ्याजवळ रसायनाने पडलेला पिवळा डागसुद्धा दिसत होता.

मला एकदम बाकीचं सगळं आठवायला लागलं. चेहऱ्यावरून माणूस न ओळखणं. एकदा साखरेऐवजी चहात पडलेलं मीठ. हायवेकडे बघत, "हल्ली ट्रकच्या दिव्यांना मिशा फुटल्यात," हे बोलणं. ते मी त्यांच्या चमत्कारिक बोलण्यातलंच एक समजत होते. खोलीत उजेड पुरेसा होता. काकींना तो दिसत नव्हता, म्हणून त्या कॅमेऱ्याला ढीगभर उजेड पाजत होत्या आणि वर रीळ रेटत होत्या. फिल्मला उजेड जास्त झाला की ती काळी पडते.

परतताना न्हावऱ्याला चहाला थांबलो तेव्हा मी त्यांना सांगितलं. "काकी, रिळात दोष नाही. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू असेल."

त्यांनी कप खाली ठेवला. "माज्या डोळ्यांवर समद्या तालुक्याची लग्नं झाली."

"म्हणून तर दाखवून घेऊ."

"न्हाई."

पुढे शिक्रापूरपर्यंत स्कूटीवर त्या माझ्या खांद्याला न धरता बसल्या. नंतरही काही दिवस माझ्या चपलांचा आवाज आला की दार लोटून घ्यायच्या. एका दुपारी मात्र स्वतःच माझ्या दारात आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या.

"त्या डोळ्यात भिंग घालत्यात म्हणं. मग माझा अंदाज ऱ्हाईल का? ह्येच्याबिगर माझ्याजवळ हाय काय? खोल्यांचं भाडं कुणी बी गोळा करंल."

"अंदाज आत्ता तरी राहिलाय का?" मी विचारलं.

त्यांनी आपला डावा तळहात डोळ्यांसमोर धरला. मग म्हणाल्या, "दौंडला चांगला डॉक्टर हाय का?"

दौंडला डोळ्यांचा चांगला दवाखाना होता. आधी एक डोळा, मग काही आठवड्यांनी दुसरा. मधल्या काळात त्या आमच्या घरी राहिल्या आणि माझ्या आईला कॉलनीतल्या गाड्यांचे आवाज ओळखायला शिकवून गेल्या. डोळ्यावरची पट्टी निघाली त्या सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं, नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तुझ्या त्वांडावर एवढ्या पुटकुळ्या हायेत? बोलली न्हाईस कदी." मग खिडकीबाहेर बघून, "बया, ह्यो निळा रंग कवापास्नं हाय?" विचारलं. शिक्रापूरला पोचल्यावर त्या तडक भिंतीवरच्या दोरीशी गेल्या आणि आपलेच अलीकडचे फोटो एकेक करून डोळ्यांशी नेले.

"अगं, ह्यो रवा! ह्येचा तर शिरा व्हईल!"

हसून हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते पुसायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं मला त्यांना ओरडून सांगावं लागलं.

डॉक्टरांनी चुलीच्या धुरात जायला परवानगी दिली त्याच रविवारी आम्ही मांडवगणला गेलो. काकींनी तळहात धरला. रेषा दिसल्या. त्यांनी तो पालथा केला, परत उताणा केला, जणू दुसऱ्या कुणाचा हात असावा. कॅमेरा मांडीवर ठेवून त्यांनी आक्कांना नेहमीसारखं बोलण्यात गुंतवलं. लहानपणी दोघींनी भीमेच्या डोहात घागर सोडून दिली होती, ती गोष्ट काढली. चष्म्यावर कौलाचा उजेड चमकत होता, म्हणून काकींनी तो काढायला लावला. आक्का घागरीचं ऐकून हसल्या, पीठ लागलेला हात तसाच वर राहिला, तोंड कौलाकडे झालं. मला खटका ऐकू आला. आक्कांना नाही.

या वेळी गोधडीखाली मीही बसले. बर्फ घालून पाणी थंड केलं, लाल टिकली, काळी टिकली, सगळं रीतसर. दोरीवर फिल्म टांगली तेव्हा काकींनी ती उजेडासमोर धरून बघितली आणि एक लांब श्वास सोडला. सगळ्या चौकटींत माणूस होतं.

ती वाळल्यावर आम्ही लाल बल्बच्या खोलीत गेलो. कोरा कागद पाण्यासारख्या रसायनात बुडवला की आधी काहीच होत नाही. मग चुलीची कड आली, मग पदराची किनार, वर उचललेला हात, मग तोंड, सुरकुत्या, आणि डोळे. टक्क उघडे.

"आला," काकी पुटपुटल्या. "आला गं आक्का."

मग त्या खाली वाकल्या. "फिल्मवर कचरा बसलाय. बुबळावर ठिपका आलाय बघ."

डोळ्याच्या मधोमध, जिथे काळं असायला हवं तिथे, पांढुरकं होतं. काकींनी फिल्म काढली, मऊ ब्रशने झटकली, फुंकली आणि दुसरा कागद लावला. पुन्हा तेच. दोन्ही डोळ्यांत. त्यांनी दुसरी चौकट लावली. त्यातही डोळ्यांत दुधाचे थेंब पडल्यासारखे दोन पांढरे ठिपके.

काकी स्टुलावर बसल्या. "आक्काला बी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. आम्ही पोचलो तेव्हा आक्का चुलीपुढेच होत्या. काकींनी फोटो त्यांच्या हातात दिला. आक्कांनी पदराला हात पुसून तो धरला, चष्म्यासमोर नेला, मान थोडी तिरकी केली.

"ब्येस आलाय," आक्का म्हणाल्या. "डोळं बी उगडं आलं की या बारीला."

फोटो त्यांनी उलटा धरला होता.

सून दारात उभी होती. तिच्या हातातलं ताट तिने हळूच खाली ठेवलं. काकी आक्कांच्या शेजारी जमिनीवर बसल्या, फोटो त्यांच्या बोटांतून सोडवून घेतला आणि विचारलं, "कवापास्नं, आक्का?"

आक्कांनी चाचपून परातीतला पिठाचा गोळा घेतला.

"दिवाळीच्या आधीपास्नं," त्या म्हणाल्या. "भाकरीला काय डोळं लागत्यात? हाताला कळतंय. सांगितलं असतं तर सूनबाई मला चुलीपाशी बसू देती का? पोळशील म्हणाली असती. मग दिसभर वसरीला बसून काय करू?"

"आवं आत्याबाई..." सून म्हणाली आणि त्यांच्याजवळ येऊन बसली.

"उठ," काकी म्हणाल्या. "लुगडं बदल. दौंडला जायाचंय."

"आज?"

"आत्ता. न्हाईतर ही चूल मी माज्या हातानं इजवीन."

आक्का उठल्या. स्कूटीवर तिघींना बसता येईना, म्हणून आक्कांच्या मुलाने गाडी काढली. वाटभर आक्का काकींचा हात धरून होत्या आणि एकच विचारत होत्या, परत आल्यावर चुलीपाशी बसता येईल ना. काकी प्रत्येक वेळी, "व्हय," म्हणत होत्या.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढायच्या दिवशी मी कारखान्यातून थेट दवाखान्यात गेले. खाटेवर आक्का पाय खाली सोडून बसलेल्या, समोर काकी. काकींच्या मांडीवर पुठ्ठ्यात घातलेला तो फोटो होता. आक्कांना पहिलं तेच दाखवायचं, असं त्यांनी केव्हाचं ठरवलेलं.

नर्सने पट्टी काढली, डोळा पुसला. आक्कांनी पापणी दोनतीनदा उघडमीट केली. काकींनी पुठ्ठा पुढे केला.

आक्कांनी तो हाताने बाजूला सारला. पुढे झुकून त्यांनी काकींची हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे वळवलं आणि बघत राहिल्या. खूप वेळ.

"चिमणे," त्या म्हणाल्या, "तुझं क्यास कवा गं पिकलं?"

काकी तशाच, हनुवटी बहिणीच्या हातात देऊन, उजेडाकडे तोंड करून बसून राहिल्या.